ह्यांच्या बनियनवरचा पत्ता

परदेशातल्या मुलीचं बाळंतपण चार दिवसांवर आलं होतं आणि आम्ही अजून मधल्याच विमानतळावर अडकलो होतो. ती राहते त्या देशाचे अधिकारी तपासणीला इथेच बसतात; त्यांनी शिक्का मारला तरच पुढच्या विमानात पाय ठेवता येतो. खिडकीतली बाई नशिबाने आपलीच भाषा बोलणारी निघाली.

"उतरणार कुठे? पत्ता सांगा," तिने विचारलं.

आमचे हे शर्टाची बटणं सोडायला लागले.

"काका, कपडे नका काढू!" बाई किंचाळली. दोन शिपाई धावत आले.

"ओरडता कशाला?" मी म्हटलं. "हा माणूस रोज चष्मा हरवतो. त्याच्या हाती मी कागद देईन होय? पत्ता बनियनवर लाल दोऱ्याने भरलाय."

माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण जावयाच्या पत्रातलं एकेक अक्षर बघून मी टाके घातले होते. बाईने ह्यांच्या छातीवरून रस्ता वाचला, पोटावरून गाव वाचलं. घरनंबराचे शेवटचे दोन आकडे मात्र सापडेनात. जागा संपली म्हणून मी ते काखेखाली नेले होते.

"हात वर करा," बाई म्हणाली. ह्यांनी घाबरून दोन्ही केले. मागची सगळी रांग खिदळायला लागली. मी एकदाच वळून बघितलं, तशी गप्प झाली.

जावयाने भरलेल्या अर्जाशी नंबर जुळला. शिक्का उचलता उचलता बाई थांबली. "आणि काकू, तुमचा मायदेशातला घरचा पत्ता?"

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "वळा."