भात्यातलं भोक

"ह्यो पट्टा कशाचा, अण्णा?" मालुबाईंनी फोटो माझ्या टेबलावर पालथा ठेवला. उताणा धरायची त्यांना भीती वाटत होती.

मी उचलून बघितला. येळ्ळूरच्या घरासमोर त्यांचा पोरगा भावकू पलटणीच्या कपड्यांत ताठ उभा होता आणि त्याच्या गळ्यावरून एक पांढरा पट्टा आडवा गेला होता. सुरी फिरवावी तसा. फोटो काढल्यावर चौथ्या दिवशी तो लढाईवर गेला होता. मीही तो परत पालथा ठेवला, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या मागे निपाणीचा जिनपाल फोटोग्राफर कॅमेरा घेऊन, मान खाली घालून उभा होता. "मी त्यास्नी सांगितलं, कॅमेऱ्यात खोट न्हाय. नागोजीअण्णांनी तपासून दिलाय."

झालं! बेळगावात जुना कॅमेरा घ्यायचा तर आधी नागोजीला दाखवायचा, अशी रीतच पडली होती, आणि त्यानं मी चांगलाच चढून गेलो होतो. कँपातला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याचा कॅमेरा जिनपालनं आणला. मी शटरचा आवाज ऐकला, भिंग उजेडाला धरलं. भिंगामागचा घड्यांचा कातडी भाता असा चकचकीत, की म्हटलं, साहेबानं जीव लावलाय याला. अंधारात भात्याच्या आत दिवा धरून भोकं शोधतात, तेही केलं. उजेडाचा एक ठिपका बाहेर आला नाही. "डोळं झाकून घे," म्हणालो.

"चार दिस झालं, घास उतरंना," मालुबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या बायका फोटो बघत्यात आन् गप्प हुत्यात. काय तरी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

भावकूचा फोटो भर दुपारी काढला होता. म्हणून मी तो कॅमेरा तसाच उघडून उन्हात ठेवला. अर्ध्या तासानं भात्यावर बोट फिरवलं, तर बोट काळं! नाकाला लावलं. बुटाचं पॉलिश! चांगली किंमत यावी म्हणून साहेबाच्या नोकरानं बुटांसारखा भाताही घासून चमकवला होता, आणि त्यातली भोकं पॉलिशनं बुजली होती. ऊन लागलं की पॉलिश पातळ, भोक उघडं. अहो, वास मला तेव्हाही आला होता! मी गाढव, त्याला निगा समजलो.

दार लावून घेतलं, भात्यात दिवा धरला आणि मालुबाईंना जवळ बोलावलं. घडीत सुईच्या टोकाएवढा उजेड चमकत होता.

"ह्योच पट्टा?"

"ह्योच, आक्का. चूक माझी. जिनपालची न्हाय."

त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवून बघितलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मग माझ्या भावकूला काय हुणार न्हाय न्हवं?"

कॅमेऱ्याचं सांगून झालं होतं. तिथंच गप्प बसायला हवं होतं मी. पण बाईचं तोंड बघवेना, आणि तोंडातून निघून गेलं, "काय हुणार न्हाय. मी सांगतोय न्हवं?"

त्या हसल्या. पाणी मागून घेऊन प्यायल्या आणि फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेल्या. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

दोन महिन्यांनी येळ्ळूरला पलटणीची तार आली. जिनपालनं येऊन सांगितलं, तेव्हा मी एका घड्याळात डोकं घालून बसलो होतो, तसाच बसून राहिलो. भेटायला जायचं रोज ठरवायचो. आठ दिवस पाय उचलला नाही.

नवव्या दिवशी मालुबाईच दुकानात आल्या. मी उभा राहिलो.

"शिव्या घाला, आक्का," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"शिव्या कशाला?" आवाज अगदी शांत होता. "तुमी काय हुणार न्हाय म्हणालासा म्हणून दोन म्हयनं मी पोटभर जेवले, अण्णा. झोपले. न्हायतर तार यायच्या आधीच मेले असते. तेवढं सांगाय आलते."

बसा म्हणायचंही राहून गेलं. त्या पदर सावरत पायरी उतरल्या आणि येळ्ळूरच्या रस्त्याला लागल्या.