थांबा की थांबू नका

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. आकाराने शेंगदाण्याएवढे, रंगाने कातडीसारखे. लोक मला कानाचे मशीन म्हणतात. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण माझी बाई मला केसांखाली झाकून ठेवत असे.

कारखान्यातल्या मुलींनी भिंगाखाली धरून माझ्या तारा जोडल्या. मग कानाच्या डॉक्टरांनी मला पाणीपुरवठा खात्याच्या सचिव बाईंच्या डाव्या कानामागे बसवले. खात्यात मंत्र्यांच्या खालोखाल त्यांचाच हुकूम चाले. पहिल्याच संध्याकाळी त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, चहा पिताना केवढा आवाज करता तुम्ही!" दोघेही पोट धरून हसले.

ती वर्षे सुखाची होती. बैठकीत कोपऱ्यात कुणी पुटपुटले तरी बाई तिकडे वळून उत्तर देत. हाताखालचे अधिकारी म्हणत, "जपून बोला, बाईंचा कान तिखट आहे." ते ऐकून मला फार अभिमान वाटे. मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मंत्रीसाहेबांना मात्र ठाऊक होते. एकदा त्यांच्यासमोरच माझा सेल संपला होता आणि बाईंना तो बदलावा लागला होता.

पुढे निवडणूक आली. त्याच सुमारास प्रयोगशाळेने कळवले, की गिरणी कामगारांच्या वस्तीला पाणी देणाऱ्या टाकीत गटाराचे पाणी मिसळते आहे. बाईंनी टाकी बंद करण्याचा आदेश तयार केला. सही करणार, तोच मंत्रीसाहेब स्वतः त्यांच्या खोलीत आले. त्यांनी इतरांना बाहेर पाठवले.

"बाई, आज टाकी बंद केलीत तर उद्या विरोधक रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्यावर उतरतील."

"पण साहेब, ते पाणी पिण्याजोगं नाही."

साहेबांनी आवाज अगदी खाली आणला. "मतदान होईपर्यंत थांबा."

"तसं लेखी द्याल का?"

ते हसले. "आपल्यात कागद कशाला? आणि हो, मुख्य सचिवांची जागा लवकरच रिकामी होतेय. तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे."

बाईंनी पेनाला टोपण लावले. सही झाली नाही. मी शब्द न् शब्द त्यांच्या कानात पोचवला होता.

वस्तीजवळच्या इस्पितळात खाटा पुरेनाशा झाल्या. मतदानाच्या आदल्या दिवशी तीन मुले दगावली. तेव्हा बाईंनी कुणालाही न विचारता टाकी बंद केली. पण बैल गेला आणि झोपा केला, असे ते झाले.

चौकशी बसली. निवृत्त न्यायाधीशांपुढे मंत्रीसाहेब हळहळत म्हणाले, "मी 'थांबू नका' असंच सांगितलं होतं. पण बाईंना बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी 'थांबा' ऐकलं असणार."

सारे दालन बाईंच्या कानाकडे बघू लागले. मी त्यांच्या कानामागे होते, तापलेल्या कातडीला चिकटलेले.

त्या संध्याकाळी मुख्य सचिव घरी आले. म्हणाले, "ऐकण्यात चूक झाली एवढंच कबूल करा. साहेब सुटतील, तुम्हीही सुटाल. नाहीतर जाणूनबुजून घाण पाणी पाजलंत असा अर्थ होईल. तुरुंगात जाल, बाई."

ते गेल्यावर यजमान म्हणाले, "अगं, गेलेली मुलं काही परत येणार नाहीत. हो म्हणून टाक." बाईंनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केस वर बांधले. मी उघड्यावर आले. न्यायाधीशांपुढे त्या म्हणाल्या, "मला स्पष्ट ऐकू आलं होतं. साहेब 'थांबा' म्हणाले आणि मी थांबले. थांबायला नको होतं."

न्यायाधीश पुढे वाकले आणि बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने म्हणाले, "बाई, माझा प्रश्न नीट ऐकू आला ना तुम्हाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसले.

निकाल लागला. ऐकण्यातल्या दोषामुळे गैरसमज झाला, कुणाचाही हेतू वाईट नव्हता. बाईंनी खरे सांगितले, तेही त्यांच्या बहिरेपणातच जमा झाले. साहेब पुन्हा मंत्री झाले. बाईंना मुदतीआधी, पण पूर्ण पेन्शनवर घरी बसवले. यजमानांनी सुस्कारा सोडला. "सुटलीस गं!"

मग एका दुपारी दारात एक गिरणी कामगार बाई आली. तिचा मुलगा त्या तिघांतला.

"मॅडम, खरंच ऐकू आलं नव्हतं का तुम्हाला?"

"आलं होतं."

"मग?"

एवढासाच शब्द. तोही मी जसाच्या तसा पोचवला. ती बराच वेळ पायरीवर उभी राहिली आणि निघून गेली. बाईंनी मला कानावरून काढले. पुन्हा कधीच घातले नाही.

मित्रांनो, यंत्राला ओल लागू देऊ नये, सेल वेळेवर बदलावा. तेवढ्यावर आम्ही इमानाने ऐकतो. ऐकल्यावर काय करायचे, ते मात्र माणसावर सोपवलेले आहे. उद्या तुमच्यातले कुणी मोठ्या हुद्द्यावर बसेल. तेव्हा कुणी वजनदार माणूस तुमच्याशी कुजबुजू लागला, तर चार माणसांना बोलवा आणि मग म्हणा, "साहेब, जरा मोठ्यानं सांगा. मला ऐकू आलं नाही."