सतरा रिकाम्यांतली एक

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, गिटारचा आवाज बाहेर टाकणारी, चार स्पीकरची, काळी, कमरेइतकी उंच. हार्ड रॉकचा महान वादक नॉक्स थंडर याच्या पाठीशी मी बारा वर्षं उभी होते. महान हा शब्द त्याचाच.

खरं नाव नॉर्मन टँडी, राहणार डडली. वडील हॉरेस लोखंड ठोकायच्या कारखान्यात. तिथल्या दणक्यांनी चाळिशीतच त्यांचे दोन्ही कान गेले. मला त्यांनीच घडवलं. कोपरे असे जुळवले, की नख शिरणार नाही. नॉर्म्या स्वयंपाकघरात वाजवायचा आणि हॉरेस माझ्यावर तळहात ठेवून ऐकायचे.

"दोनदा घसरलास, नॉर्म्या."

"ऐकू येत नाही, पण चुका बऱ्या कळतात तुम्हाला!"

त्याच्या ओठांकडे बघत ते म्हणत, "हात बहिरा नाही माझा."

नॉर्म्या चिडायचा, पण पुन्हा वाजवायचा. तेव्हा तो चांगला वाजवायचा, खोटं कशाला बोलू?

मग नाव झालं, केस वाढले, विजार इतकी आवळली की खाली बसायची पंचाईत. मागे अठरा पेट्यांची भिंत आली. लोक म्हणत, काय हा आवाज! अहो, आवाज एकाच पेटीचा. बाकी सतरा रिकामी खोकी, ट्रकमध्ये चढवायला हलकी. माझेही चारही स्पीकर काढले, पुढचं कापड तेवढं ठेवलं. सिड हमाल माझ्यात चहाची किटली आणि बिस्किटं ठेवायचा. सगळ्या तांड्यात ती किटलीच काय ती कामाची.

बोटं मंदावली. अवघड जागा आली, की हा गुडघे टेकून जीभ बाहेर काढी; टाळ्या पडत. चूक सांगणारा तळहात त्याने डडलीलाच ठेवला होता.

एकदा बर्मिंगहॅमला दुपारी तयारी चालली असताना हॉरेस न कळवता आले. रविवारचा सूट, हातात टोपी. अठरांत मला कोपऱ्यांवरून ओळखलं. तळहात ठेवला.

"वाजव."

नॉर्म्या गोरामोरा झाला. "बाबा, त्या डावीकडच्या पेटीवर ठेवा ना हात."

"ही मी केलीय. वाजव."

त्याने वाजवलं. खुर्च्या थरथरल्या, मी थंडगार. हॉरेसनी दुसराही तळहात ठेवला. चेहरा उतरला.

"हातही गेले की काय माझे?"

नॉर्म्या गिटारच्या खुंट्या पिळू लागला. शेवटी हॉरेसनी कापडाचं टोक उचकटलं. आत किटली. त्यांनी एक बिस्किट काढलं, सावकाश खाल्लं.

"हात शाबूत आहेत," ते म्हणाले. "सिड, किटली घे बाहेर आणि हिचं एक टोक धर."

माझ्या जागी पुठ्ठ्याचं खोकं उभं राहिलं. कुणाला कळलंसुद्धा नाही.

आता मी डडलीच्या परसात कबुतरांचं घर आहे. नॉर्म्या अजून फिरकलेला नाही. तुम्हाला भेटला, तर त्या भिंतीला भुलू नका. निरोप तेवढा द्या, की संध्याकाळी कबुतरं घुमू लागली की म्हातारा माझ्यावर तळहात ठेवून उभा असतो.

"एकदाही घसरली नाहीत," म्हणतो.