मी किलवर दुर्री, आणि मी कोणालाही दिसत नाही

मी एक जुनी किलवर दुर्री आहे, आणि एका रविवारी दुपारी मी एकटीने तीन एक्क्यांना हरवले.

मित्रांनो, आता हे वाक्य विसरून जा. असे काही झालेले नाही. तेव्हा खोलीत चार माणसे होती. त्यांतल्या कोणालाही विचारा, ते म्हणतील, "छे, कुठं काय?" मी ज्या घरात राहते त्या घराची शिस्तच तशी आहे. तेव्हा मीही तो रविवार उजाडलाच नाही असे धरते आणि माझी कहाणी सरळ जन्मापासून सांगते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. आम्ही बावन्न भावंडे एकाच मोठ्या कागदावर छापली गेलो. मग कातरणारे यंत्र आले आणि आमचे एकत्र कुटुंब विभक्त झाले. पुढच्याच क्षणी आम्हाला एका खोक्यात कोंबण्यात आले आणि ते पुन्हा एकत्र झाले. राजाला मिशा मिळाल्या, राणीला फूल मिळाले, गुलामाला टोपी मिळाली. मला दोन काळे ठिपके मिळाले, तेही एकमेकांपासून लांब. पत्त्यांच्या जगात माझ्याखाली कोणी नाही. माझ्याखाली थेट टेबल असते. एक्का सगळ्यांत मोठा. एक हा दोनापेक्षा मोठा कसा, असे मी खोक्यात एकदा विचारून पाहिले. एक्के चार आहेत. चौघांनीही पाठ फिरवली.

एका इस्पितळासमोरच्या दुकानात आम्ही साबण आणि कंगव्यांच्या शेजारी बसून होतो. तिथून एका माणसाने आम्हाला घाईघाईने उचलले. तो कुलपे दुरुस्त करायचा आणि किल्ल्या बनवायचा. त्याचा धाकटा भाऊ चष्मे बनवायचा. दोघांचे दुकान एकच होते. मधोमध एक पंखा, पंख्याच्या अलीकडे किल्ल्या, पलीकडे चष्मे. नवी पाटी लावताना ती सरळ दिसते का हे पाहण्यासाठी धाकटा दोन पावले मागे सरकला. तो शिडीवर उभा आहे हे तेवढे त्याच्या लक्षात राहिले नाही. पाटी सरळ होती. पाय मोडला.

त्याचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि तोंड दिवसभर मोकळे होते. सगळा वॉर्ड कंटाळला. म्हणून दादाने पत्ते आणले. (थोरल्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणते.) शेजारच्या खाटेवर जहाजावरचा एक आचारी होता. त्याने दोघांना पोकर शिकवला. लावायला औषधाच्या बाटल्यांची झाकणे घेतली.

"पैसे लावू या की थोडे," धाकटा म्हणाला.

"मी खूप वर्षं पैसे लावून खेळलो," आचारी म्हणाला. "ज्यांच्याशी खेळलो त्यांतल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही. नुसते हात आठवतात. झाकणंच बरी."

तिथेच माझ्या आयुष्यातली मोठी घटना घडली. एका दुपारी धाकट्याला प्लॅस्टरच्या आत, गुडघ्याच्या जरा खाली, खाज सुटली. तो रडकुंडीला आला. परिचारिकेने सांगितले, "सहन करा." दादाने इकडे तिकडे पाहिले, हातातले पाच पत्ते पाहिले, आणि सगळ्यांत कमी कामाचा पत्ता निवडला. मला त्याने प्लॅस्टरमध्ये सरकवले आणि अर्धा तास खाजवले. राजाला असे कोणी वापरत नाही. मी बाहेर आले तेव्हा माझा एक कोपरा कायमचा वर वळला होता. धाकटा इतका शांत झोपला की डॉक्टर घाबरून त्याची नाडी बघून गेले.

मित्रांनो, पत्त्याचा कोपरा वळणे ही गंभीर बाब आहे. पोकरची सगळी मजा झाकण्यात असते. आमच्या घरी जो पोकर खेळतात त्यात प्रत्येकाला एक पत्ता पालथा मिळतो आणि चार पत्ते सगळ्यांसमोर उताणे मांडले जातात. चार पत्ते सगळ्यांना दिसतात. पालथा कोणता असेल या संशयावर खेळ चालतो. "बघतो" म्हणजे समोरच्याइतकेच लावून शेवटी पत्ता उघडायला लावणे, "सोडलं" म्हणजे डावातून बाहेर, आणि बाकी सगळ्यांनी सोडले की उरलेला पत्ता न दाखवताच जिंकतो. आता मी पालथी पडले की माझा कोपरा मांजराच्या कानासारखा वर येतो. मला पालथी ठेवणारा माणूस म्हणजे दार उघडे टाकून अंघोळ करणारा माणूस.

दुसऱ्या कुठल्या घरी मला कचऱ्यात टाकले असते. पण इथे आत्या होती. ही दोघा भावांच्या वडिलांची बहीण. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. जगाची भांडणे आणि लग्ने कानांवर पडूनही काही ऐकलेच नाही असे दाखवण्यात तिचे आयुष्य गेले होते. पत्ते वाटायचे काम तिचे. तिने पहिल्याच दिवशी मला पाहिले आणि नियम केला.

"ही दुर्री दिसत नाही. ज्याला दिसेल त्याने भांडी घासायची."

तेव्हापासून मी कोणालाही दिसले नाही. मी कोणाच्या हाती पालथी गेले की बाकीचे तिघे छताकडे पाहत. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पडद्याचे कापड तपासू लागे. ती शाळेत चित्रकला शिकवते. चांगला पत्ता आला की तिचे कान लाल होतात, आणि तिचे कानही कोणाला दिसत नाहीत. धाकट्याची कमाल होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरे वाचायला लावणारा हा माणूस हातभर अंतरावरचा वर आलेला कोपरा पाहू शकत नसे.

लावायला चुकीच्या कापलेल्या किल्ल्या असत. दादाच्या धंद्यात अशा किल्ल्या साठतच राहतात. साधी किल्ली एकची, गाडीची किल्ली दहाची. जो जिंकेल तो संध्याकाळपर्यंत जगातले एकही कुलूप न उघडणाऱ्या किल्ल्यांचा मालक होई, आणि त्या तोऱ्यात फिरे. मग किल्ल्या डब्यात परत जात. वहिनीने एकदा सलग तीन रविवार जिंकून शेजारणीलाही ऐकवले होते. शेजारीण म्हणाली, "किती मिळाले?" वहिनी म्हणाली, "चाळीस किल्ल्या." शेजारणीने दार लावून घेतले.

एकदा वहिनीचा भाऊ पाहुणा आला. त्याने खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "जरा रंगत येऊ दे." कोणी नाही म्हणाले नाही, पाहुणा होता. पण वहिनीचे कान पांढरे पडले. आणि मी दादाकडे पालथी गेले.

"अहो!" पाहुणा ओरडला. "हा पत्ता मागून ओळखू येतो!"

"कुठला पत्ता?" दादा म्हणाला.

"हा काय! कोपरा बघा की!"

"कोपरा?" वहिनीने खोलीचे चारही कोपरे पाहिले.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा. तुमचा धंदाच डोळ्यांचा."

धाकट्याने वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "मला तर सपाट दिसतोय. उद्या दुकानात या, नंबर तपासून देतो."

आत्याने पाहुण्याला भांड्यांकडे नेले. जाताना नोट त्याच्या खिशात परत घातली.

मित्रांनो, मला वाटले होते की असेच माझे आयुष्य जाईल. पण मग भावाभावांत बिनसले. कारण सांगते, हसू नका, त्यांना ते हसण्यासारखे वाटले नव्हते. किल्ली घासली की पितळेचा बारीक कीस उडतो. मधला पंखा तो कीस चष्म्यांकडे नेई. एका दिवशी धाकट्याच्या महागड्या काचांवर ओरखडे आले. धाकटा म्हणाला, मशीन हलव. दादा म्हणाला, पंखा हलव. मशीन हलली नाही, पंखा हलला नाही, आणि दोघांचे बोलणे बंद झाले. एकाच दुकानात दिवसभर पाठीला पाठ लावून बसायचे, एकाच घरी जेवायचे, आणि तोंडातून शब्द नाही. "वहिनी, दादाला सांग, शटर ओढायचंय." दादा शटरला हात लावूनच उभा असायचा.

आता रविवारचे काय? पोकरमध्ये बोलावेच लागते. आत्याने निकाल दिला, "खेळातलं बोलणं बोलण्यात धरायचं नाही. अबोला आहे तसा चालू राहील."

दोघांनाही हे फार पटले. पुढचे काही महिने त्या घरात रविवारचा खेळ असा चाले.

"दोन किल्ल्या वाढवल्या," दादा म्हणे, "आणि शटर करकरतंय."

"बघतो. तेलाची बाटली मागच्या फळीवर आहे," धाकटा म्हणे. "आणखी एक वाढवली. तुझा खोकला अजून गेला नाही."

"सोडलं. औषध घेतोय."

"कधी घेतोस? मला तर दिसत नाही."

"तो डाव संपला," आत्या बजावे. "आता बोललात तर बोलणं होईल."

लगेच दोघे गप्प. पत्ते वाटले जाईपर्यंत एकमेकांकडे बघतही नसत. वहिनी मुद्दाम पत्ते भराभर पिसू लागली.

मग ज्या रविवारी काही घडले नाही तो रविवार आला. पहिल्याच डावात धाकटा म्हणाला, "एक किल्ली. मला दुसऱ्या गावच्या मोठ्या चष्म्याच्या दुकानात बोलावलंय. उद्या होकार कळवायचाय. पंखा माझ्या एकट्याचा असेल."

दादाने किल्ली टाकली. "बघतो," एवढेच म्हणाला. नियमाप्रमाणे बरोबर होते. वहिनी चष्मा पुसू लागली. ती चष्मा वापरत नाही, तो धाकट्याचा होता.

शेवटच्या डावात वहिनी आणि आत्या यांनी लवकर पत्ते सोडले. उरले दोघे भाऊ. धाकट्यासमोर दोन एक्के उताणे होते. तिसरा एक्का पालथा होता. मला माहीत आहे, खोक्यात तो माझ्या शेजारी राहतो. दादासमोर चार बदाम उताणे होते. पाचही पत्ते बदाम आले तर तीन एक्केही खाली मान घालतात. सगळा प्रश्न दादाच्या पालथ्या पत्त्याचा होता. तो बदाम असेल तर दादा जिंकला. नसेल तर चार बदाम म्हणजे नुसती शोभा.

पालथी मी होते. किलवर दुर्री. कोपरा वर.

दादाने आपल्या सगळ्या किल्ल्या मध्ये सरकवल्या. गाडीच्या, कपाटाच्या, सायकलच्या, सगळ्या. "लावल्या," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, खोकला होताच. "आणि मी जिंकलो, तर तू जायचं नाहीस."

"असलं काही लावायचं नसतं रे," आत्या म्हणाली. "आपण किल्ल्यांवर खेळतो."

"हा किल्ल्यांचाच विषय आहे."

म्हणजे काय ते कोणालाच कळले नाही. दादालाही नसावे.

धाकटा माझ्याकडे बघत राहिला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याकडे असे उघडपणे कोणी पाहिले नव्हते. वहिनी छताकडे बघत होती. आत्या डोळे मिटून बसली होती. धाकट्याला ठाऊक होते की मी कोण आहे. दादाला ठाऊक होते की धाकट्याला ठाऊक आहे. "बघतो" एवढे एकच म्हणायचे होते, की मला उलटे केले असते, धाकटा जिंकला असता आणि सोमवारी होकार गेला असता. दादाच्या हाती दाखवण्यासारखे काहीच नव्हते. तरीही त्याने माझ्यावर हात ठेवून मला झाकले नाही. उघडा बसला होता.

"वहिनी, माझा चष्मा?" धाकट्याने विचारले.

वहिनीने चष्मा पुढे केला. धाकट्याने तो डोळ्यांना न लावता खिशात ठेवला.

"पाचवाही बदामच असणार," तो म्हणाला. "नशीबवान आहेस लेका. सोडलं."

आणि त्याने समोरचे दोन एक्केही पालथे घातले.

आत्याने झडप घालून सगळे पत्ते गोळा केले. कोणी काही पाहायला मागितले नाही. वहिनीचे कान लालभडक झाले होते, आणि त्या डावात तर तिच्याकडे पत्तेच उरले नव्हते. दादा किल्ल्या मोजायला बसला. मोजता मोजता दोनदा चुकला आणि उठून तोंड धुवायला गेला.

पत्ते खोक्यात गेले होते. खेळ संपला होता. नियमाप्रमाणे आता बोललेले शब्द बोलण्यात धरले जाणार होते.

"ए बारक्या," दादाने मोरीतून हाक मारली. "उद्या ती मशीन मागच्या बाजूला नेऊ. एक टोक धर."

"मागं अंधार आहे. बोट कापून घेशील."

"मग दिवा लाव!"

"दिवा लावायला शिडीवर कोण चढणार?"

"तू सोडून कोणीही!"

दोघे रात्रीच्या जेवणापर्यंत भांडत होते. आत्या म्हणाली, घरात आवाज आला की बरे वाटते. धाकट्याने लोकांना सांगितले की त्या गावचे पाणी त्याला मानवत नाही. तो त्या गावी कधी गेलेला नाही.

त्यानंतर त्या पाहुण्याने, वहिनीच्या भावाने, घरी न दुमडणारे, पाण्यात न भिजणारे प्लॅस्टिकचे नवे पत्ते पाठवले. मला खोक्यासकट कपाटात वर ठेवले. तिथे धूळ होती आणि एक बंद पडलेले घड्याळ होते. त्याच्याशी बोलण्यासारखे काही नसे. खाली मात्र कोणाचेच काही दिसेना. मुद्दाम हरायचे तर नेमके कोणाच्या कोणत्या पत्त्यापुढे हरायचे तेच समजेना. आत्याने प्लॅस्टिकच्या दुर्रीचा कोपरा वाकवायचा प्रयत्न केला. तो टणकन सरळ झाला आणि पत्ता तिच्या चहात पडला. दुसऱ्याच रविवारी मला खाली आणले. मी पालथी पडले, आणि तिघांनी समाधानाने छताकडे पाहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात वाकलेली, चिरलेली, मागून ओळखू येणारी एखादी वस्तू असेल. एखादे माणूसही असेल. फेकू नका. तुम्हाला ते दिसत नाही, एवढेच ठरवून टाका. आणि या कामी सरकारी मदतही व्हावी म्हणून मी खालील अर्ज करत आहे.

प्रति, सक्षम अधिकारी, पत्ते निर्मिती व वितरण. महोदय, नम्र विनंती की यापुढे प्रत्येक जोडातील एक दुर्री कारखान्यातच कोपऱ्याला वळवून पाठवण्यात यावी. ती कोणालाही न दिसण्याची जबाबदारी संबंधित कुटुंबाची राहील. तसेच अशा दुर्रीस एक्क्याहून वरचा दर्जा देण्यात यावा. कायमचा शक्य नसल्यास रविवार दुपारपुरता. अर्जासोबत पुरावा म्हणून कोपरा जोडता येत नाही. तो सध्या वापरात आहे.