माशांनी नापास केलेला टर्बो

मी टर्बोचार्जर बोलतोय. आवाज जरा वरच्या पट्टीत लागतो, तेवढं सांभाळून घ्या. ज्याचं चाक मिनिटाला लाखभर फेरे मारतं, त्याला सावकाश बोल म्हणणं म्हणजे भोवऱ्याला मांडी घालून बस म्हणण्यासारखं आहे.

दिसायला मी गोगलगाईच्या शंखासारखा. असे दोन शंख पाठीला पाठ लावून चिकटवलेले आणि त्यांच्या पोटात एकाच दांड्यावर दोन चिमुकली चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याबरोबर दुसरं फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर. जो धूर एरवी वाया जायचा, त्याच्यावर माझा चरितार्थ चालतो. फक्त एक आहे. धूर पुरेसा जमेपर्यंत मी झोपलेला असतो आणि मग एकदम उठतो. त्या उठण्यावर जगातली काही माणसं जीव टाकतात.

माझा पहिला मालक त्यातलाच. गाडी सुसाट आणायचा आणि दारात थांबल्या क्षणी किल्ली काढून घ्यायचा. मी लालबुंद तापलेला आणि अंगातलं तेल अचानक बंद. धापा टाकत आलेल्या माणसाला पाण्याचा घोटही न देता खोलीत कोंडावं, तसं. तेल जळून सांध्यांत बसलं, मी कुरकुरू लागलो आणि त्याने मला काढून टाकलं. वर ‘टर्बो कुचकामी निघाला’ म्हणून गावभर सांगत सुटला. करून सवरून तो नामानिराळा, नाव मात्र माझं बद्दू.

तिथून मी उस्तादांच्या गॅरेजात आलो. उस्तादांनी मला उघडलं, धुतलं, नवे बेअरिंग घातले आणि फडताळावर ठेवलं. शेजारी आधीपासून एक सुपरचार्जर बसलेला होता. सुपरचार्जर म्हणजे सरळमार्गी नोकरदार. पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन हललं की हा हजर. काम तेच, हवा कोंबायची, पण पगार म्हणून इंजिनाचीच थोडी ताकद खाणार. त्याला ना उशीर ठाऊक, ना उसळी. मी त्याला दिवसातून चार वेळा चिडवायचो. तो कधी उत्तर द्यायचा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

खाली गॅरेजातही तेच भांडण चाले. उस्ताद टर्बोचे भक्त आणि त्यांचा मेहुणा सुपरचार्जरचा. सकाळच्या चहाला वाद पेटायचा, डबा उघडला की तह व्हायचा आणि हात धुतले की पुन्हा तलवारी बाहेर. उस्तादांची बायको, म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण, सुट्या भागांचं कोठार सांभाळायची. तिला या दोघांचा भयंकर कंटाळा आला होता. एके दिवशी तिने जाहीर केलं, की हे फडताळ मला रिकामं हवंय. महिनाअखेर ज्याला गाडी मिळणार नाही तो भंगारात. तिच्या शब्दावर त्या घरात अपील नव्हतं.

त्याच आठवड्यात मासेताई आली. तिचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, आणि रोज कोणीतरी तिला ‘तळायला कुठला चांगला?’ असं विचारायचंच. डोंगरावरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मोठी काचेची टाकी सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. आठवड्यातून दोनदा मासे आणि मुरलेलं, म्हणजे माशांना मानवेल असं ठेवलेलं पाणी वर न्यायचं. पण तिची छोटी गाडी पाण्याच्या वजनाने अर्ध्या चढावरच धापा टाकायची. मोठी गाडी घ्यावी तर दुकानाच्या गल्लीत ती वळत नाही. म्हणून ती विचारायला आली, की या गाडीला टर्बो बसवू की सुपरचार्जर?

उस्ताद आणि मेहुणा एकदमच बोलू लागले. पण गॅरेजाचा रिवाज असा, की आधी लावून बघायचं, मग ठरवायचं. चिठ्ठी टाकली आणि पहिला नंबर माझा लागला.

उस्ताद कामाला पक्के. तिच्या पाण्याचं वजन विचारून त्यांनी तेवढ्याच वाळूच्या गोण्या भरून घेतल्या, मागच्या सीटवर ठेवल्या आणि स्वतः चालवायला बसले. आहाहा, काय चढलो म्हणता! पहिल्या वळणावर मी जागा झालो, दुसऱ्यावर गाडी वाऱ्यावर, तिसऱ्यावर एक बस मागे टाकली. उस्ताद गाणं म्हणत होते. गोण्या जागच्या हलल्या नाहीत. खाली आल्यावर मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. फडताळावरच्या त्या नोकरदाराला मी मनातल्या मनात निरोपाचं भाषणही ठोकलं.

दुसऱ्या दिवशी खरी खेप. चार टब पाणी, टबांत मासे आणि सगळ्यांत मोठ्या टबात ‘आजोबा’ नावाचा जाडजूड नारिंगी मासा. कौतुक ऐकायला उस्ताद पुढच्या सीटवर बसले. मासेताई गाडी अशी चालवायची, जसं कोणी झोपलेल्या बाळाला पांघरूण घालतं. त्या हळू चालीत मला धूर मिळेना. मी झोपलेला. चढ लागला, गाडी अडखळली, तिने बिचकून पाय थोडा जास्त दाबला, आणि मी माझ्या सवयीने दणकन उठलो.

वाळू गप्प बसते. पाणी बसत नाही, हे उस्तादांसारख्या मुरलेल्या माणसाला सुचलंच नव्हतं. मागे लाट उठली, झाकण उडालं, आणि आजोबा दोन सीटांच्या मधून थेट उस्तादांच्या मांडीवर. उस्तादांनी आयुष्यात इंजिनं हाताळली होती, मासा नाही. ते त्याला धरत होते आणि तो सुटत होता. ताईने गाडी थांबवली, हात ओला केला आणि आजोबांना अलगद उचलून टबात सोडलं. पुढचा चढ तिने पावलाच्या गतीने चढला. सगळे मासे जिवंत पोचले, पण माझा निकाल लागला होता.

येताना गाडी रिकामी. डोंगरामागचा रस्ता सरळ आणि मोकळा. उस्ताद ओल्या विजारीचे काठ पिळत बसले होते. ताई म्हणाली, बघू तरी, आणि तिने पाय दाबला. मी आलो. गाडी झेपावली, तिची पाठ सीटला टेकली आणि ती खळखळून हसली. इतक्या वर्षांत तिने ही गाडी अशी कधी पळवलीच नव्हती. त्या हसण्याने मी एवढा खूश झालो, की माझा निकाल काही काळ विसरूनच गेलो.

मग मला काढून त्या नोकरदाराला बसवलं. त्याच्या खेपेला टबांतलं पाणी जेमतेम थरथरलं. मेहुणा अख्खा दिवस शीळ घालत हिंडत होता.

संध्याकाळी ताई निर्णय सांगायला आली. मी बाकावर पडलो होतो. तिने माझ्यावर हात ठेवला.

“खरं सांगू का उस्ताद, मला हाच आवडला,” ती म्हणाली. “पण मी एकटी जात नाही ना. बरोबर मासे असतात.”

रडू आलं, आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. उस्तादांच्या बायकोने भंगारवाल्याला फोन लावायला घेतला. तेवढ्यात ताईने विचारलं, “उस्ताद, तुमच्या गाडीत काय असतं हो?”

“माझ्या? काही नाही. मीच असतो.”

“मग?”

उस्ताद हातातलं फडकं चाळवत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना पंख लावणाऱ्या या माणसाची स्वतःची छोटी गाडी बाहेर उभी होती, जशी कारखान्यातून आली तशीच. मी म्हातारा होत चाललो, आता कुठे, असं काहीतरी ते पुटपुटले. बायकोने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, “बसवा एकदाचा. फडताळ रिकामं झाल्याशी कारण.”

आता मी उस्तादांच्या गाडीत असतो. घरी आलो की ते मिनिटभर इंजिन चालू ठेवतात, मला निवू देतात, आणि मगच किल्ली काढतात. एवढीच विनंती तुम्हालाही. आणि टर्बो घ्यावा की सुपरचार्जर असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन, आधी गाडीत काय घेऊन निघालात ते सांगा. हिंदकळणारं काही असेल तर तो शेजारचा घ्या. माणूस चांगला आहे.

परवा पहिल्यांदाच मेहुणा आमच्या गाडीत बसला. पट्टा घट्ट, हात दाराच्या मुठीवर, चेहरा परीक्षकाचा. मोकळा रस्ता आला, उस्तादांनी पाय दाबला आणि मी उठलो. रस्ता संपेपर्यंत मुठीवरचा त्याचा हात कधी सुटला, ते त्यालाही कळलं नाही. उस्तादांनी गाडी घराकडे वळवली, तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघतच हळूच म्हटलं, “दाजी, अजून एकदा.”