सहा महिन्यांचा फोटो

क्लेम हॅडो तीस वर्षं फोटो काढत होता, आणि त्याचा स्वतःचा धड असा एक फोटो घरात नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हार्डवेअरच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर तर त्याच्या छंदाला ऊतच आला. फिल्मचा रोल तो व्हिनेगरमध्ये उकळायचा, आठवडाभर बिअरमध्ये बुडवून ठेवायचा, एकाच फिल्मवर दोनदा-तीनदा फोटो घ्यायचा. त्याची बायको ग्लेनिस चहासाठी किटली उघडायची, तर आत निगेटिव्ह पोहत असायच्या.

त्यानं स्वतःचेही फोटो केले होते. एकात त्याला तीन डोकी, दुसऱ्यात त्याच्या पोटातून मागचं कुंपण दिसतंय, तिसऱ्यात धड त्याचं आणि वर तोंड पेलिकन पक्ष्याचं. फेब्रुवारीत तो गेला तेव्हा चर्चमध्ये ठेवायला फोटो सापडेना. शेवटी गाडीच्या लायसन्सवरचा मोठा करून घेतला. त्यात क्लेम नुकताच चोरी करताना सापडल्यासारखा दिसत होता. लोक हसले, म्हणाले, क्लेमला हे फार आवडलं असतं. ग्लेनिसही हसली. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिच्या लक्षात आलं की त्याचा चेहरा तिला नीट आठवत नाही. डोळे मिटले की तो पेलिकनच समोर यायचा. ही गोष्ट तिनं कोणालाही सांगितली नाही. सांगणार तरी काय, आणि कोणत्या तोंडानं?

जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी लिंडन आला. लिंडन म्हणजे गावातल्या फोटोक्लबचा सेक्रेटरी आणि क्लेमच्या सगळ्या उचापतींमधला भागीदार. दक्षिण गोलार्धातल्या, ह्युऑन नदीकाठच्या या क्लबात एक रिवाज होता. डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, प्रत्येकानं बिअरच्या रिकाम्या डब्यांना टाचणीनं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद गुंडाळून घालायचा आणि डबे खांबांना चिकटपट्टीनं बांधून विसरून जायचं. सहा महिने तो कागद उजेड पीत बसतो. आकाशात सूर्याच्या वाटा उमटतात, खाली घरं, झाडं, डोंगर. जे हलतं ते येत नाही. माणसं, गाड्या, मेंढ्या, सगळं पुसलं जातं. मग थंडीतल्या सर्वांत लहान दिवशी डबे काढायचे.

क्लेमनंही आपले डबे बांधले होते, आणि ते कुठे कुठे आहेत हे फक्त लिंडनला माहीत होतं. त्यानं आल्या आल्या चार डबे उतरवले. एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात मुंग्या, तिसरा वाऱ्यानं वाकडा झालेला. चौथ्यात सफरचंदांच्या झाडांवरून गेलेल्या सूर्याच्या रेघा बऱ्या आल्या असाव्यात, असं तो म्हणाला. ग्लेनिस हं हं करत सूप ढवळत होती. तिला त्या डब्यांचं काही सोयरसुतक नव्हतं.

"पाचवा शेडच्या भिंतीवर आहे, नळाच्या मागे," लिंडन म्हणाला. "बाकाकडे तोंड करून."

नदीकडे तोंड केलेला तो बाक. आजार हाताबाहेर गेल्यावर क्लेम दुपारभर तिथेच बसायचा, हॅट घालून, डाव्या टोकाला, एक खांदा पाडून. ग्लेनिसनं गॅस बंद केला.

"माणसं येत नाहीत म्हणतोस ना?"

"चालती-फिरती येत नाहीत. पण एखादा रोज एकाच जागी तासन्‌तास बसला, तर मागच्या पाण्याची चकाकी अडते आणि सावली राहते. क्लेमला तेच बघायचं होतं. मला म्हणाला, सगळ्या फोटोंत मी लबाडी केली, या एकात काही न करता नुसता बसतो."

"मला नाही बोलला."

"अगं, तू हसली असतीस."

हसलीच असती. तिनं हात पुसले. ती दाराकडे निघाली, या वयात शोभणार नाही अशा घाईनं. लिंडननं तिला सांभाळून घ्यायला म्हटलं की चेहरा काही येणार नाही, फक्त बसण्याची ढब येईल. तिला तेवढं पुरे होतं. तो पाडलेला खांदा दिसला असता तर वरचा चेहरा तिचा तिनं आठवला असता.

लिंडननं तो डबा उतरवून आणला आणि क्लेमच्या खोलीत पडदे ओढून कापला. हा कागद रसायनात बुडवायचा नसतो, बुडवला की काळा ठिक्कर. सरळ स्कॅनरवर ठेवायचा, तोही एकदाच, कारण स्कॅनरचा उजेडच त्याला खातो. झाकणाखालून प्रकाशाची पट्टी सरकत गेली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उतरलं. वर सूर्याच्या शेकडो कमानी, खाली पांढरी नदी, मधोमध बाक. बाकाच्या डाव्या टोकाला एक काळसर आकृती बसली होती.

"हा बघ," लिंडन बोट दाखवत म्हणाला. "हा बघ आपला क्लेम."

ग्लेनिस खुर्ची ओढून जवळ बसली आणि बघत राहिली. आकृतीचे खांदे बाकाच्या पाठीच्या जेमतेम वर येत होते. क्लेमचे चांगले वीतभर वर यायचे. हॅट नव्हती. दोन्ही खांदे सारखे होते, आणि डोकं पुढे झुकलेलं होतं.

"हा क्लेम नाही, लिंडन," ती म्हणाली. "ही मी आहे."

क्लेमला त्या बाकावर पाच आठवडे मिळाले होते, मग हॉस्पिटल. तो गेल्यापासून ती रोज जेवण झालं की तिथे जाऊन बसत होती, ऊन असो वा भुरभुर, त्याच्याच टोकाला, वीस आठवडे. घरात रडू येत नसे, तिथे येई.

लिंडन म्हणाला, असं कसं, तुझ्या सावलीखाली असणारच तो, थोडा फिका असेल. उजेड वाढवून पुन्हा स्कॅन करू का? पण कागद जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. त्यानं पुन्हा केला. तिच्या डोक्याच्या वर, जिथे हॅट असायला हवी होती, तिथे नुसती नदी होती. तिनं तिसऱ्यांदा करायला लावला, मग चौथ्यांदा. प्रत्येक वेळी चित्र गढूळ होत गेलं. शेवटी बाकही दिसेना.

लिंडन म्हणाला की पहिला स्कॅन जपून ठेवलाय, पुढच्या महिन्यात क्लबच्या प्रदर्शनात लावू. लोकांना कुठे फरक कळणार आहे?

ग्लेनिसनं तो राखाडी झालेला कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"मी स्वयंपाकघरात बसून रडले असते," ती म्हणाली, "तर तो राहिला असता."

लिंडननं उठून पडदे उघडले. दुपारचे तीन वाजले होते, आणि नदीवरचं ऊन उतरत होतं.