कान्याखालचा स्विच

पेढ्यांच्या डब्यात कीबोर्डचे एकशे अडतीस सुटे स्विच निघाले: निळे नव्वद, तपकिरी अठ्ठेचाळीस. दोन निळ्यांचे पाय वाकलेले होते, ते बाजूला ठेवले. सत्त्याऐंशी लाल स्विच कीबोर्डातच, प्रत्येक बटणाखाली एक असे बसलेले होते. डबा आणि कीबोर्ड दोन्ही माझ्या धाकट्या भावाचे, गंधारचे. तो गेम खेळतो आणि लाल सोडून दुसऱ्या कशाला बोट लावत नाही.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"रविवारपर्यंत."

रविवारी सविताताईंची टायपिंगची परीक्षा होती. त्या मूळच्या खर्ड्याच्या. आमच्या वरच्या खोलीत राहतात आणि नगरच्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. लिपिकपदाच्या लेखी परीक्षेत त्या आजवर तीनदा पास झाल्या. टायपिंगमध्ये दोनदा राहिल्या. यंदाच्या भरतीनंतर त्या वयाची अट ओलांडणार होत्या. वेग त्यांच्याकडे भरपूर आहे. पण दहा मिनिटांत किमान तीनशे शब्द हवेत, चुका पंधराच्या वर चालत नाहीत, आणि बॅकस्पेस बंद असतं. कोर्टाबाहेरच्या टेबलावर सगळ्यात झिजलेलं बटण तेच आहे. यंदा स्वतःचा कीबोर्ड आणायची परवानगी होती.

स्विच बदलून बदलून प्रत्येक प्रकारावर मी त्यांना वर्तमानपत्रातले तीन उतारे दिले, दर वेळी नवे. तपकिरी फक्त अक्षरांच्या बटणांपुरते पुरले. सरासरी चुका: लालवर एकतीस, तपकिरीवर बावीस, निळ्यावर एकोणीस.

"लालवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतंय," ताई म्हणाल्या. "मी जुन्या मशीनवर शिकलेली. मला खटका लागतो."

"ताई, तुम्ही टाइप करत नाही, खिळे ठोकता," गंधार म्हणाला.

"आन तू काय करतो? मांजर कुरवाळतो?"

निळा स्विच त्यांना लई आवडला. दाबला की बोटाला खटका लागतो आणि टक् असा आवाजही येतो. पण एकोणीस म्हणजे नापासच. मी कागदावर त्या चुका वेगळ्या काढल्या. एकोणीसपैकी चौदा एकाच जातीच्या होत्या: काना गळलेला. 'खाते'चं 'खते' झालं होतं, 'शाळा'ची 'शळा'.

ताई टाइपरायटरच्या मांडणीने टाइप करतात. तिच्यात ख, श, भ, ध ही अक्षरं अर्धी मिळतात आणि काना जोडला की पूर्ण होतात. म्हणजे 'खा' लिहायला अर्धा ख आणि लागोपाठ दोन काने. गळत होता तो दुसरा.

"बटण गेलंय," गंधार म्हणाला. त्या जागी दुसरा निळा स्विच बसवला. काने तेरा गळले.

मग मी एक निळा स्विच अगदी हळू दाबून पाहिला. तो जितका खाली गेल्यावर लागतो, म्हणजे अक्षर उमटतं, तिथेच सुटत नाही; सुटून पुन्हा लागण्याआधी बराच वर यावा लागतो. ताईंचं बोट तेवढं वर येण्याआधीच दुसरा काना मारत होतं. लाल स्विच लागतो तिथेच सुटतो.

"म्हणून तर गेमला लाल," गंधार म्हणाला. "पटापट दोनदा मारता येतो. वर्षभर सांगतोय."

"कारण कुठे सांगितलं होतंस?"

"कारण तू बघ. तुझी एम.एस्सी. आहे."

लालवरच्या चुका पुन्हा तपासल्या. फाजील अक्षरं जवळजवळ सगळी करंगळ्यांखालची होती. काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो आणि ते बोट ताई टेकवत नाहीत. मी सगळे स्विच निळे ठेवले आणि कान्याखाली तेवढा लाल बसवला.

ताईंनी चार शब्द मारले आणि थांबल्या. "समदे बोलके, आन ह्यो एकलाच मुका? आमच्या धाकल्या दिरावानी."

"चालेल ना?"

"दीर कामाला वाघ हाय," असं म्हणून त्यांनी उतारा पुढे ओढला.

त्या दिवशीच्या तीन उताऱ्यांत चुका सात, नऊ, सहा. गळलेले काने एकूण दोन.

रविवारी कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून त्या रिक्षाने केंद्रावर गेल्या. पर्यवेक्षकांनी आवाजाबद्दल विचारलं, तेव्हा ताईंनी भरतीच्या जाहिरातीची प्रत दाखवली. आवाजाबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. त्यांना खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

यादी गुरुवारी लागली. ताईंच्या नावापुढे शब्द तीनशे चौसष्ट, चुका आठ.